स्लॅबवरचे अकरा दात

कपाशीची सरकी दाताखाली धरून दाबली, तर कोरडी सरकी कट् वाजते आणि ओली नुसती चेपते. मेहकरच्या एका जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं कापसाची प्रत ठरवत आलो आहे, आणि ओलावा मोजायचं यंत्र आल्यावरही माझा भरवसा त्या आवाजावरच राहिला. म्हणून वैशाखातल्या एका दुपारी, बालकाश्रमाच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर ओळीनं झोपलेल्या मुलांच्या श्वासांमधून तसला आवाज आला, तेव्हा मला आधी वाटलं की कुणीतरी खिशात सरकी आणली आहे. पण हा आवाज जाड होता, ओढलेला होता. जात्यात खडा अडकावा आणि बाईनं तरीही खुंटा सोडू नये, तसा. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की खिडकीचे गज त्यात विरघळले होते. वीज नव्हती, पंखा थांबलेला होता, आणि त्या थांबलेपणात तो आवाज अधिकच एकटा वाटत होता. मी ओळीकाठानं चालत गेलो. शेवटून तिसऱ्या जागी वैशू होती. वय सात, गुडघे पोटाशी, डावा गाल तळहातावर. तिच्या कानापुढचा जबड्याचा स्नायू चिमणीच्या छातीसारखा वरखाली होत होता. ती झोपेत दात खात होती.

जागेपणी हे मूल अतिशय शांत होतं, आणि तिची शांतता तिच्या तोंडावरून ओळखू येई. ओठ मिटलेले, हनुवटी किंचित पुढे, खालचा ओठ आत दुमडलेला. हसायचं झालं तर ती डोळ्यांनी हसे आणि तोंडावर मूठ धरे. मुठीआड खरोखर हसू आहे की नाही, हे तिलाच ठाऊक. तिची पाठ्यपुस्तकं बियाण्यांच्या कंपन्यांच्या गुळगुळीत पोस्टरांनी मढवलेली होती. त्या काळात आमच्याकडच्या बहुतेक मुलांची तशीच असत. गणिताच्या पुस्तकावर बीटी कपाशीचं एक फुटलेलं बोंड होतं, पांढरंशुभ्र, चार पाकळ्यांचं, एवढं मोठं की तसलं बोंड मी जिनिंगमध्ये कधी हातात घेतलेलं नाही. वैशू पुस्तक मिटून त्या बोंडावर हात ठेवून बसे. बोलताना शब्द तिच्या दातांच्या फटीतून बाहेर येत, बंद दाराखालून चिठ्ठी सरकवावी तसे.

मी तिथं कसा गेलो, ते सांगायला हवं. धाकट्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही आश्रमात जेवण दिलं. त्याच दिवशी बुलढाण्याहून दातांच्या तरुण डॉक्टरबाई तपासणीला आल्या होत्या आणि त्यांना लिहायला माणूस नव्हता. त्या आकडे सांगत, कुणीतरी ते तक्त्यात भरायचे. मी भरले. बाईंनी तक्ता पाहिला, एकही खाडाखोड नाही असं म्हणाल्या, आणि दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी मी यावं असं ठरून गेलं. पुढं मी रविवारीही जाऊ लागलो. उंची, वजन, दात. घरात माझ्या या सवयीला हसतात, पण तिथं ती उपयोगी पडली.

दुधाचे दात वर दहा, खाली दहा. हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. माझ्या दोन्ही मुलींचे दात कधी आले आणि कधी पडले, याची नोंद माझ्याकडे नाही. आश्रमाच्या पाटीवर ‘अनाथ’ असा शब्द होता, पण नोंदवहीत बघितलं तर सव्वीसांपैकी एकोणीस मुलांचं आई किंवा बाप यांतलं एक कुणीतरी जिवंत होतं. बहुतेकांची आई. माणूस गेला, शेत दिराकडे गेलं, बाई मजुरीला बाहेर गेली, आणि मूल इथं आलं, असा तो क्रम. त्या वर्षांत आमच्या भागात तो क्रम इतका सारखा होता की मी ‘कारण’ या रकान्यात आधीच्या ओळीखाली नुसत्या दोन रेघा ओढत असे. आज मला त्या दोन रेघांची लाज वाटते.

मुलांच्या तोंडात काय काय होतं? कीड होती, ती सगळीकडेच असते. पण त्याखेरीज गालाच्या आतल्या बाजूला चावल्याच्या पांढऱ्या रेघा, पुन्हा पुन्हा येणारं तोंड, घासूनही लाल राहणाऱ्या हिरड्या, आणि दोन-तीन मुलांच्या दाढा पाट्यासारख्या सपाट. मी बाईंना विचारलं, “गोड तर इथं आठवड्यातून एकदाच मिळतं. मग एवढं कशानं?”

“मन घाबरलं की लाळ आटते, काका,” त्या म्हणाल्या. “तोंड कोरडं पडलं की कीड वाढते. आणि जे बोलता येत नाही ते मुलं चावतात. गाल चावतात, नखं चावतात, काही नाही मिळालं तर दातच दातांवर घासतात.”

मला हे वाक्य आवडलं आणि पटलं नाही. मी पडताळायचं ठरवलं. तक्त्याच्या कडेला मी एक नवा रकाना काढला, ‘भेट’. महिन्याच्या पहिल्या रविवारी नातेवाईक येत. कुणाकडे आलं, कुणाकडे येणार होतं आणि आलं नाही, ते मी तिथं लिहू लागलो. पाच महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिले, तर ज्यांच्याकडे येणार होतं आणि आलं नाही, त्यांचं तोंड त्याच आठवड्यात आलेलं दिसे. ज्यांच्याकडे कधी कुणी येतच नसे, त्यांची तोंडं त्या मानानं बरी. सव्वीस मुलं आणि पाच महिने म्हणजे काही शास्त्र नव्हे; हे मी बाईंनाही सांगितलं. पण वाट पाहणं हे अंगात कुठं उतरतं, याचा मला तेव्हा शोध लागला. पायात उतरत असेल, डोळ्यांत उतरत असेल, असं आपण समजतो. या मुलांमध्ये ते तोंडात उतरत होतं.

वैशूचं मात्र गणित जुळेना. तिची आई दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाई आणि चैत्रात परतल्यावर भेटायला येई. त्या चैत्रात ती आली नव्हती, हे खरं. पण वैशूच्या तोंडात एकही फोड नव्हता. होतं ते वेगळंच. खालचा, पुढून डावीकडचा दुसरा दात हलत होता आणि तो पडत नव्हता. त्याच्यामागं, जिभेच्या बाजूनं, नवा दात करवतीच्या पात्यासारखं डोकं वर काढून उभा होता. एका दारात दोन माणसं अडकावीत, तसे ते दोघं. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. आणि ती दिवसभर जबडा आवळून असे.

“हा जिभेनं हलवायचा,” बाईंनी तिला सांगितलं. “रोज थोडा थोडा. आपोआप पडेल.”

वैशूनं मान हलवली. पुढच्या चौथ्या शनिवारी दात तसाच होता. बाईंनी नुसता आरसा आत घालायला घेतला, तर तिनं तोंड असं मिटलं की आरशाच्या दांड्यावर दातांची खूण उठली. बाई कठोर नव्हत्या, पण त्यांना पुढचं दिसत होतं. “नवा दात मागंच पक्का होईल. अजून एक महिना थांबते. नाही पडला तर काढावा लागेल, आणि इथं तोंड उघडलं नाही तर बुलढाण्याला नेऊन गुंगीचं औषध देऊन.”

हे त्या माझ्याकडे बघून बोलल्या. पण ऐकणारी ऐकत होती. त्या दिवशी वैशू जेवली नाही.

चिमट्याची भीती, असं मी ठरवून टाकलं. मी घरी बसून एक कोष्टकही केलं. चिमटा पाहण्याआधी आणि नंतर, दुपारी झोपेत दात खाण्याचे दिवस. पत्नी म्हणाली, “पोरीलाच विचारा की.” मी म्हणालो, विचारलं, ती सांगत नाही. “तुम्ही वही हातात धरून विचारलं असेल.” हे अगदी खरं होतं.

उत्तर मिळालं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर. आश्रमाचा स्वयंपाक रजियाखाला करी. साठीच्या घरातली, पुढचे तीन दात नसलेली, आणि मुलांना नावानं कमी नि टोमण्यानं जास्त हाक मारणारी. ती सुपात डाळ निवडत होती, वैशू तिच्या शेजारी खडे वेचत होती, आणि मी पायरीवर बसून वजनं उतरवत होतो. खालाचं लक्ष डाळीत असलं तरी सगळीकडे असे.

“काऊन वं वैशू, भाकर भिजवू भिजवू खाऊन राह्यली आजकाल? म्हातारी झाली का? माहे तीन दात नाहीत, तरी मी कडक चावते.”

“दात पडते,” वैशू म्हणाली. फटीतूनच.

“पडू दे नं माय. पडायसाठीच असते तो.”

“नाही पडू देत.”

“काऊन?”

खडा सुपाबाहेर पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा. मग वैशू तशीच, जबडा न सोडता म्हणाली, “काका झाडून टाकते.”

“कोनता काका?”

तिनं बोट केलं नाही. नुसती मान माझ्याकडे वळवली. “खराट्यानं. अकरा व्हते. माहा बी व्हता त्यात.”

अकरा हा आकडा ऐकला आणि मला सगळं आठवलं. चैत्रात खालाला कुरडया वाळवायला स्लॅब हवा होता, आणि पावसाआधी गळतीच्या जागाही बघायच्या होत्या. म्हणून एका रविवारी मीच खराटा घेऊन वर गेलो होतो. कबुतरांची घाण, वाळकी पानं, पतंगाची एक काडी, आणि त्यात पांढरे बारीक कण. मी ते तळहातावर घेतले. दुधाचे दात होते. काहींना शेणाची वाळलेली साल चिकटलेली होती. मला गंमत वाटली. सवयीनं मी ते मोजले, अकरा भरले, आणि बाकी कचऱ्याबरोबर पाटीत टाकून दिले. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक मूल उभं होतं, एवढंही आता आठवतं. ते कोण होतं, हे मी तेव्हा बघितलं नव्हतं. तेही माझ्याबरोबर मोजत होतं.

पडलेला दात शेणात गुंडाळून घरावर टाकायचा, ही आमच्याकडची रीत मला ठाऊक नव्हती असं मी म्हणू शकत नाही. मी स्वतः टाकलेला आहे. उंदराला हाक मारून त्याच्यासारखे बारीक, चिवट दात मागायचे, एवढं मला आठवत होतं. पण स्लॅबही घराचं छप्परच असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कौलं असती, पत्रे असते, तर मी खराटा घेऊन त्यांवर चढलो नसतो. सिमेंटची सपाट जागा दिसली आणि मी तिला अंगण समजलो.

“माय म्हने,” वैशू पुढं म्हणाली, एवढी वाक्यं सलग बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होतो, “ज्या घरावर दात, त्या घराचं मानूस. पह्यला दात घरी टाकला. दुसरा इथं टाकला. तो तर काकानं फेकला. आता हा मी घरीच टाकीन. तोवर नाही पडू देत.”

खालानं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “भाऊ,” ती म्हणाली, “तुमचं मोजनं मोठं पक्कं आहे हो. टाकायच्या आधी पोरायले पुसायचं मात्र राह्यलं.”

मला राग आला नाही, दुःखही लगेच आलं नाही. आधी आलं ते कुतूहल, आणि हे मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. सात वर्षांचं मूल एक हलता दात दीड महिना तोंडात धरून ठेवतं. जेवताना, झोपताना, बोलताना. जागेपणी मनानं आणि झोपेत जबड्यानं. तिचा पहारा चोवीस तास होता. तिच्या दाढा सपाट झाल्या होत्या त्या भीतीनं नव्हे. ती एक वस्तू सांभाळत होती, आणि ठेवायला तिच्याकडे तोंडाखेरीज दुसरी सुरक्षित जागा उरली नव्हती. स्लॅबवरची जागा मी घालवली होती.

चौथ्या शनिवारला सहा दिवस होते. मी आश्रमाच्या अधीक्षिकाबाईंकडे अर्ज केला की वैशूला एक दिवस तिच्या गावी न्यायचं आहे, रजियाखाला सोबत येतील. ‘कारण’ या रकान्यापुढं काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दात. त्यांनी ‘दंतोपचार’ असं लिहून सही केली.

गुरुवारी सकाळच्या बसनं आम्ही डोणगावला उतरलो आणि तिथून पुढं एका काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेलो. शेतं नांगरून तयार होती, काळी, भेगाळलेली, वाट बघणारी. बांधाबांधावर गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्यांचे, कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग रचलेले होते. कृषी केंद्राच्या दारात नव्या बियाण्यांच्या पाकिटांसाठी माणसं सकाळपासून ओळीत बसली होती, चपला ओळीत ठेवून, स्वतः सावलीला. वैशू खिडकीशी होती. तोंड मिटलेलं. पण जसजसं गाव जवळ आलं तसतसा तिचा खालचा ओठ, जो नेहमी आत दुमडलेला असे, तो हळूहळू बाहेर आला. कोंब मातीतून वर येताना दिसत नाही, आलेला दिसतो; तसं ते झालं.

तिचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड. दाराला कुलूप. भिंतीवरचा मातीचा पोतेरा उन्हानं सुटून पापुद्र्यांनी गळत होता. समोरच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. त्यानं कपाळावर हात धरून बघितलं.

“कोनाची व्हय बापा ही? ... अरे, वैशी का तू? केवढी झाली वं!” मग आमच्याकडे वळून हळू आवाजात, “टोळी आली परत, इची माय नाही आली. तिकडंच कारखान्याच्या गावात कामाले राह्यली म्हन्ते. येईल. कुलूप लावून गेली म्हंजे येईलच नं. न येनारं मानूस कुलूप कायले लावते?”

वडिलांविषयी तो बोलला नाही. ते कोणत्या हंगामात आणि कसे गेले, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणी उच्चारत नव्हतं.

वैशू कुलपाकडे गेली नाही. ती अंगणाच्या मध्यावर उभी राहिली आणि तिनं मान वर करून छप्पर पाहिलं. प्रत ठरवताना मी कापूस पाहतो तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तिनं तोंड उघडलं. माझ्यासमोर इतकं सहज उघडलेलं तिचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन बोटं आत घातली, आणि काही ओढाताण न होता दात तिच्या चिमटीत आला. एका धाग्यावर होता तो. दीड महिना फक्त तिच्या इच्छेवर तो तिथं टिकला होता. रक्ताचा एक ठिपका हनुवटीवर आला, तो तिनं मनगटानं पुसला.

तिनं दात भिरकावला. पत्र्यावर टण्ण वाजलं, आणि मग टक् टक् टक् करत तो उतारावरून खाली आला आणि तिच्या पायाशी पडला. तिनं पुन्हा फेकला. पुन्हा टण्ण, पुन्हा टक् टक् टक्. आता तिचा ओठ थरथरला. म्हातारा ओट्यावरून उतरून आला होता. मला वाटलं, आता पत्र्यावर चढावं, हातानं ठेवून द्यावा; मी शिडी कुठं मिळेल असं विचारूही लागलो.

“थांबा भाऊ,” खाला म्हणाली. “हे तुमच्या कोष्टकातलं काम नाही.” ती शेजारच्या गोठ्यात गेली आणि बोटांवर ओलं शेण घेऊन आली. “वैशू, सुका फेकत असते का बावळे? तुह्या मायनं सांगतलं नाही?”

“मायनंच गुंडाळून देल्ला व्हता,” वैशू म्हणाली, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज फुटला.

खालानं दात शेणात गुंडाळून लहानशी गोळी केली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिसऱ्यांदा टण्ण वाजलं नाही. थप् असा मऊ आवाज झाला, आणि गोळी दगडाला लागून तिथंच चिकटून राहिली. आम्ही चौघं उन्हात उभे राहून वर बघत होतो. रीतीत शेण कशाला असतं, हा प्रश्न मला चाळीस वर्षं पडला नव्हता. शेण नसेल तर घर दात परत करतं.

परतीच्या वाटेवर ती झोपली. काळीपिवळी खड्ड्यांतून आदळत होती, तिचं डोकं खालाच्या खांद्यावर होतं आणि तोंड अर्धवट उघडं होतं. मी कान देऊन ऐकत होतो. जात्याचा आवाज आला नाही. मेहकर यायच्या जरा आधी तिनं डोळे उघडले आणि स्पष्ट, मोकळ्या तोंडानं विचारलं, “काका, आता त्या बाकीच्या दहाचं काय?”

कचऱ्याची पाटी कधीच गेली होती. मी एवढंच करू शकलो की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की चैत्रात स्लॅबवरचे दात मी झाडले, ते दात आहेत हे ओळखूनही झाडले, आणि ते माझं चुकलं. मग एकीनं विचारलं, माझे दोन होते का त्यात? मी म्हणालो, कुणाचे किती ते मला ठाऊक नाही, एकूण अकरा होते. दुपारी आम्ही स्लॅबच्या उगवतीच्या कोपऱ्यात, कठड्याला लागून, चार विटांचा एक हातभर चौकोन बांधला. तिथं खराटा न्यायचा नाही असं ठरलं. मी वही काढली, तर वैशू म्हणाली, “नाव नका लिहू. नुस्ते मोजा.” तेव्हापासून मी नुसते मोजतो.

चौथ्या शनिवारी डॉक्टरबाईंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला होता. वैशू खुर्चीत बसली, आणि त्यांनी सांगायच्या आत तिनं तोंड उघडलं. मागचा दात आता मोकळा होता. “जीभच त्याला पुढं ढकलेल,” बाई म्हणाल्या, “जागा झाली की तो आपला येतो.” मी तक्त्यात लिहिलं. झोपेत दात खाणं पूर्ण थांबलं असं मात्र मला लिहिता आलं नाही. पुढच्या वर्षभरात अधूनमधून, विशेषतः भेटीच्या रविवारनंतर, तो आवाज मी ऐकला. पण विरळ, वरवरचा, जात्यात दाणे नसताना ते फिरावं तसा. दात घरावर पोचला म्हणून तो कमी झाला, की कुणीतरी विचारलं म्हणून, की वय वाढलं म्हणून, हे सांगायला माझ्याकडे पुरावा नाही. बाईंनाही मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, तिन्ही लिहा.

पावसाळ्यानंतर तिचा वरचा एक दात हलू लागला. या वेळी तिनं तो पडू दिला, आणि मग पाच-सहा दिवस मुठीत घेऊन हिंडली. अभ्यासाला मूठ, जेवायला मूठ. कुठं टाकायचा ते तिचं ठरत नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. मूठ दुखत असेल. पण जबडा मोकळा होता. पुढं एके दिवशी मूठ उघडी दिसली. दात कुठं गेला, ते तिनं सांगितलं नाही.

चैत्रात तिची आई आली. रापलेली, बारीक, डोक्यावर पदर घट्ट धरलेली बाई. कारखान्याच्या गावात खोली मिळाली होती, शाळाही जवळ होती. अधीक्षिकाबाईंनी कागद केले. आईनं वैशूचं सामान बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत भरलं आणि सगळ्यांना नमस्कार केला. वैशू फाटकापर्यंत गेली, मग वळली. तिनं हात हलवला नाही. तिनं आ वासून, बोटानं ओठ खाली ओढून मला खालचा दात दाखवला. तो ओळीत आला होता.

ती गेल्यावर, ऊन कलल्यावर, मी वर गेलो. स्लॅब दिवसभराची ऊब सोडत होता, आणि खालून खालाच्या कुरडयांच्या चिकाचा आंबट वास येत होता. मुलं दात टाकायला वर जात तेव्हा मला हाक मारत, आणि मी आकडा लिहून घेई. वहीत तो नऊ होता. चौकोनात मी दोनदा मोजले. दहा भरले. एक, कठड्याच्या अगदी लगत, शेणाच्या जाड गोळीत, कुणीतरी दोन्ही हातांनी नीट दाबून बसवलेला. तो वैशूचाच, असं मी लिहू शकत नाही. नाव लिहायचं नाही, हे तिनंच ठरवलं होतं. मी वहीतला आकडा बदलला नाही. अजूनही दर चैत्रात वर जातो, चौकोन सोडून बाकीचा स्लॅब झाडतो, आणि मोजतो. वहीत नऊच्या पुढं आता बरेच आकडे आहेत, आणि प्रत्यक्षात दरवेळी एक जास्त भरतो. निघून गेलेल्या माणसाची आठवण कदाचित एवढीच असते: आपल्या हिशेबापेक्षा एकानं अधिक निघणारं काहीतरी, जे काळ झाडून नेत नाही, आणि ज्याच्यापर्यंत आपणही खराटा नेऊ नये.